वणवा घराकडे वळला तर : जंगलकाठच्या घराची तयारी

गाव रिकामं करा, असं सांगणारा भोंगा विदर्भाच्या जंगलकाठावर वाजत नाही. वनरक्षक बहुतेक वेळा दुसऱ्याच कक्षातल्या आगीमागे असतो, तालुक्याचा बंब निघाला तरी पांदणीत (शेतातल्या गाडीवाटेत) अडकतो, आणि तहसीलमधून फोन येईतो आग नाला ओलांडून आलेली असते. पहिला अर्धा-पाऊण तास घरच्यांचाच. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा किंवा गडचिरोलीच्या जंगलाला लागून असलेल्या गावात जे नव्यानं राहायला आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बदलीवर आलेले गुरुजी, आरोग्यसेविका, सासरी आलेली सून, चार एकर घेऊन वावरातच घर बांधलेला निवृत्त माणूस. जुन्यांना यातलं पुष्कळ ठाऊक असतं. ठाऊक असूनही पऱ्हाट्या (कापसाच्या वाळल्या काड्या) भिंतीलाच टेकलेल्या असतात, ही गोष्ट वेगळी.

आधी आग ओळखा

वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. तोवर साग, तेंदू, ऐन, धावडा यांची पानगळ होऊन जमिनीवर पाचोळ्याचा थर बसलेला असतो. आपल्याकडची आग बहुधा या थरातून सरपटत जाते. गवत जळतं, झाडं बुंध्याशी काळवंडतात पण उभी राहतात, ज्वाळा गुडघ्या-कमरेएवढ्या. नवख्या माणसाला ती किरकोळ वाटते. तीच आग वाळल्या बांबूच्या बेटात किंवा उंच गवताच्या पडीत शिरली की दोन पुरुष उंच होते आणि माणसाच्या पळण्याच्या वेगाला मागे टाकते. चढावर तर विचारूच नका. वणव्याच्या अभ्यासातला ढोबळ नियम असा की दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो. टेकडीच्या पायथ्याला आग आणि टेकडीवर घर, ही सर्वांत वाईट मांडणी.

तासांचंही गणित आहे. दुपारी बारा ते चार आग सर्वांत माजलेली असते, कारण हवा कोरडी आणि वारा जोरात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून असतो. जंगल गावाच्या पश्चिमेला असेल तर तुम्ही जास्त सावध राहायचं. सूर्य कलला की वारा पडतो, आगही मंदावते. विझवणारी माणसं म्हणून रात्रीची वाट बघतात.

लावतं कोण? आपणच. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून काडी लावतात, आणि वावराचे धुरे (बांध) पेटवून देऊन घरी जेवायला जातात. मला या तिसऱ्याचा राग सर्वांत जास्त येतो, कारण ती आग वस्तीच्या अगदी बाजूला सुरू होते आणि जंगलाच्या आगीसारखी कुणी तिच्यावर नजरही ठेवत नाही. मोहाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर पाचोळा जाळायची गरज पडत नाही. फुलंही माती न लागता स्वच्छ मिळतात.

घर मात्र या ज्वाळांनी थेट क्वचित पेटतं. वाऱ्यानं उडालेली ठिणगी आधी येऊन पडते. ती अंगणात पडली तर विझते. तणसीत (धानाच्या पेंढ्यात), कुटारात (मळणीच्या भुशात), पऱ्हाटीत किंवा कवेलूखालच्या (कौलाखालच्या) चिमणीच्या घरट्यात पडली तर घर गेलं. आग शंभर हात लांब असताना आणि सगळे तिच्याकडे बघत असताना मागच्या बाजूनं छप्पर धुमसू लागतं.

पहिलं काम सांदवाडीत

पिशवी भरण्याआधी मागचं आवार बघा. समोरचं अंगण सारवलेलं, मोकळं असतं. तिथे प्रश्न नाही. मागे मात्र वर्षभराचं जळण जमा होतं. यवतमाळ-अमरावतीकडे पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या मोळ्या थेट कुडाला टेकवून ठेवतात. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे तणसीचा ढीग कोठ्याला (गोठ्याला) लागून. गोवऱ्या वळचणीला. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत हे सगळं घरापासून तीस फूट लांब हलवा, आणि घरात फक्त आठवड्यापुरतं सरपण ठेवा. गावठाणात तीस फूट कुठून आणायचे, हा रास्त प्रश्न आहे. मग दोन-तीन घरांनी मिळून गावाच्या पूर्वेला एक जागा धरा. पश्चिमेचा वारा असेल तर तिथून उडालेली ठिणगी गावावर येणार नाही. भिंतीला लागून निदान पाच फूट पट्टा पूर्ण नागडा हवा: गवत नाही, पाला नाही, मोडकी खाट नाही, खताची रिकामी पोती नाहीत.

मांडव ही आपली खास अडचण. मार्चमध्ये दारापुढे हिरव्या फांद्यांचा मांडव टाकतो, एप्रिलच्या मध्याला त्याची पानं हातात घेतली तर चुरा होतो. उन्हाळ्यात मांडव नको असं म्हणणं मूर्खपणाचं आहे, सावलीशिवाय माणूस जगणार कसा. पण तो असा बांधा की दोन ठिकाणी दोर कापला की सगळा एका बाजूला खाली ओढता येईल. तारेनं आवळून बांधलेला मांडव ऐन वेळी सुटत नाही. कोयता कुठे टांगलाय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

कवेलू फेरायचं काम लोक मेच्या शेवटी काढतात, पावसाच्या तोंडावर. ते फेब्रुवारीत करा. फुटके बदला, फटी मातीनं लिंपा, खालची घरटी आणि उंदरांनी ओढून नेलेलं कुटार काढा. माकडं नंतर पुन्हा विस्कटतील, तेव्हा एकदा नजर टाकावी लागेलच. टिनाचं छप्पर असेल तर टिन जळत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका; टिन आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून ठिणगी आत शिरते, आणि आत माळ्यावर कापूस किंवा जुने कपडे असतात.

आता कूलर. उन्हाळ्यात निम्म्या घरांच्या खिडकीला कूलर असतो आणि त्याच्या ताट्या म्हणजे बारीक लाकडी भुसा नाहीतर वाळा. पाणी चालू असेपर्यंत ठीक. लाइन गेली की अर्ध्या तासात त्या कोरड्या होतात आणि खिडकीत पेटायला तयार असा गठ्ठा लटकत राहतो. शिवाय चालू कूलर बाहेरचा धूर घरात ओढून आणतो. आग जवळ आली की कूलर बंद, ताट्या काढून आत पाण्यात बुडवून ठेवायच्या.

पाणी नळाचं धरू नका. लाइन गेली की नळयोजनेची मोटार बंद. हातपंप चालतो, पण मेमध्ये त्यालाही दम लागतो. दोन ड्रम, रांजण आणि कोठ्यातलं टाकं रोज सकाळी भरलेलं असावं, बाजूला बारदान्याची चार-सहा पोती भिजवायला तयार. सर्वांत उपयोगाची वस्तू तर तुमच्याकडे आधीच आहे: पाठीवरचा फवारणीचा पंप. सोळा लिटर पाणी, हातात नळी, छपरापर्यंत जाणारी धार. ठिणगी विझवायला याहून चांगलं साधन खेड्यात मिळणार नाही. हंगाम संपला की औषधाचा अंश राहणार नाही असा तीन-चार वेळा धुऊन, साधं पाणी भरून, कोठ्याबाहेर टांगा. बॅटरीचा असेल तर चार्ज केलेला.

गावाभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा उघड्या जमिनीचा पट्टा, एकट्या घराच्या हातची नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत काम होतं. पाचोळा ओढून किंवा वन विभागाच्या ब्लोअरनं उडवून जमीन उघडी करतात. जाळून रेषा काढायची असेल तर वनरक्षकाला सांगून, त्याच्या देखतच. हौसेनं काढलेली जाळरेषा कधी वणवा होते कळत नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, त्यांच्या ग्रामसभेला जंगलाचं रक्षण करायचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्यातच दिलेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला. असा हक्क असेल तर परवानगी मागत बसू नका, ठराव करून कळवा.

त्या वेळी घरात कोण असेल?

बहुतेक घरांची योजना इथे फसते. आग लागली अशी हाक आली की तरणी माणसं ओल्या फांद्या घेऊन आगीकडे धावतात, आणि मोटारसायकलीही त्यांच्याबरोबर जातात. ते बरोबरच आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं ७९ वं कलम सांगतं की जंगलावर हक्क असलेल्या किंवा तिथून वनोपज घेणाऱ्या माणसानं आगीची खबर द्यायची आणि विझवायला हात लावायचा. पण मागे घरात उरतात आजी, बाळंतीण, शाळकरी पोरं आणि दावणीची जनावरं. तेंदूच्या हंगामात तर आणखीच बिकट: पहाटे चारला सगळं गाव जंगलात, आणि दुपारी जाणती माणसं पानांचे पुडे बांधायच्या नाहीतर फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) नेऊन मोजून द्यायच्या घाईत.

म्हणून योजना अशी करा की घरात कर्ता पुरुष नाहीच. कोण आजीचा हात धरेल, कोण दावी सोडेल, कोण थैली उचलेल, कोण मेन स्विच पाडेल. चार कामं, चार नावं, आणि प्रत्येक नावामागे एक बदली नाव. दहा वर्षांच्या मुलीलाही एक काम द्या, ती विसरत नाही. आणि एक मोटारसायकल आगीकडे जाणार नाही, ती घरीच राहील, हे फेब्रुवारीतच भावाभावांत ठरवून घ्या. तिच्या टाकीत किमान निम्मं पेट्रोल. बाटलीत पेट्रोल भरून घरात साठवणं मात्र नको.

चालता न येणाऱ्या माणसासाठी बाज हेच स्ट्रेचर. चौघांनी उचलायची, म्हणजे शेजारची दोन माणसं आधी सांगून ठेवायला हवीत. आजोबा बहुधा म्हणतील, “मी नाही येत, एवढे वणवे पाहिले.” हा वाद आग लागल्यावर घालायचा नसतो. मार्चमध्ये जेवताना काढा, आणि त्यांना एखादं जबाबदारीचं काम द्या, उदाहरणार्थ शेळ्या घेऊन पुढे निघायचं. शेळ्यांसाठी ते निघतात.

एकदा सराव करा, तोही थंड संध्याकाळी नको. एप्रिलच्या दुपारी, पायात चप्पल कुठे आहे ते शोधण्यापासून. माझा अंदाज, पहिल्या वेळी निम्मा वेळ चपला आणि किल्ल्या शोधण्यात जाईल.

जनावरं

उन्हाळ्यात रब्बी निघाल्यावर गुरं दिवसा मोकळी असतात, गायकीबरोबर (गुराख्याबरोबर) जंगलातच. तेव्हा गायकीला विचारून ठेवा, आग दिसली तर तो कळप कुठे नेणार. बोडीवर (लहान तळ्यावर) किंवा तलावाच्या पेट्यात नेणार असेल तर उत्तम, तुम्हाला शोधायला जावं लागणार नाही.

कोठ्यात बांधलेल्या जनावरांचं असं: दावं सुटत नसेल तर कापायला विळा खुंट्याजवळच अडकवलेला हवा, घरात नको. नायलॉनची दावी वितळून मानेला चिकटतात. हंगामापुरती तरी सुताची किंवा अंबाडीची वापरा. आधी वासरू बाहेर हाका, गाय त्याच्यामागे येते. सगळी बाहेर आली की कोठ्याचं दार किंवा फाटक ओढून घ्या, कारण धुरानं बुजलेलं जनावर ओळखीच्या जागी, पेटत्या कोठ्यातही, परत शिरतं. कोंबड्या टोपलीखाली झाकलेल्या असतील तर टोपली उलटी करून सोडा. नेत बसू नका. हाकायला वेळच नसेल तर दावी कापा, नांगरलेल्या वावराच्या दिशेनं पिटाळा आणि स्वतः निघा. बांधलेलं जनावर मरतं, मोकळं सुटलेलं बहुधा वाचतं.

कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक आणि जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढे विमा किंवा मदतीच्या वेळी तोच विचारतात.

थैली

लोखंडी पेटी उचलून पळता येत नाही. खांद्याला अडकवता येईल अशी शाळेची जुनी बॅग घ्या आणि ती १५ फेब्रुवारीपासून दाराजवळच्या खुंटीला राहू द्या. आत प्लास्टिकच्या पिशवीत कागद: आधार, राशन कार्ड, पासबुक, सातबारा, पीकविम्याची पावती, रोजगार हमीचं जॉब कार्ड, जातीचा दाखला, मुलांची टीसी. वनहक्काचा पट्टा असेल तर तो सर्वांत आधी. सातबारा पुन्हा निघतो, आधार पुन्हा निघतं. पट्टा मिळवायला ज्यांच्या चपला झिजल्या त्यांना वेगळं सांगायला नको. सगळ्यांचे फोटो काढून शहरातल्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

औषधांत पूर्व विदर्भासाठी एक गोष्ट ठळकपणे. घरात सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण असेल तर त्याला पहिल्या तुकडीतच काढा. उष्णता, पाण्याची कमतरता, धावपळ आणि धुरामुळे कमी पडणारा प्राणवायू, या चारही गोष्टी दुखण्याचा झटका आणू शकतात. त्याचं सिकलसेल कार्ड, चालू गोळ्या आणि त्याच्यासाठी वेगळी भरलेली पाण्याची बाटली थैलीत हवीच. दम्याचा पंप, बीपी-साखरेच्या गोळ्या, बाळाचं दूध, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, थोडे रोख पैसे. सोनं असेल तर अंगावर.

कपडे सुती. नायलॉन-पॉलिस्टरची साडी आच लागताच आकसते आणि कातडीला चिकटते. पूर्ण बाह्या, डोक्याला दुपट्टा, पायात बूट असतील तर बूट. धुरासाठी एन-९५ मास्क तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतो. दोन-चार घेऊन ठेवा. ओला रुमाल तोंडावर बांधला तर घशाला बरं वाटतं, बारीक धूर मात्र तो अडवत नाही.

भिंतीवर कोळशानं किंवा खडूनं मोठ्या आकड्यांत लिहा: ११२ आपत्कालीन, १०१ बंब, १०८ ॲम्ब्युलन्स, १९२६ वन विभागाची हेल्पलाइन, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १९६२ जनावरांचा दवाखाना, १९१२ वीज. त्याखाली वनरक्षक, पोलीस पाटील आणि सरपंच यांचे नंबर. मोबाईलची बॅटरी संपली की त्यातले नंबरही गेले. भामरागड किंवा मेळघाटात जिथे रेंजच नाही तिथे कोतवालाची दवंडी, देवळाची घंटा, ढोल यांपैकी एक खूण गावानं ठरवायची. लाउडस्पीकरवर विसंबू नका, लाइन आधी जाते.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानं दिसलेल्या आगीची सूचना मोबाईलवर पाठवते आणि त्यासाठी कुणालाही नाव नोंदवता येतं. गावातल्या एखाद्या पोरानं नोंदवावं. पण उपग्रह दिवसात काही वेळाच वरून जातो, सूचना काही तास उशिरा येऊ शकते. नाक आणि डोळे पहिले.

कधी निघायचं, कुठे जायचं

दोन तुकड्या करा. पहिली तुकडी, म्हणजे म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया, आजारी, वाऱ्याच्या दिशेला धूर दिसताच निघते. कुणी भित्रं म्हणालं तर म्हणू द्या. आग वळली नाही तर संध्याकाळी चहा पिऊन परत येता येतं. दुसरी तुकडी धडधाकट माणसांची. ती ठिणग्या विझवत थांबते, पण तिच्यासाठी आधी एक खूण ठरवायची. अमका नाला, तमका डांबरी रस्ता, आंब्याचं ते झाड. आग खुणेच्या अलीकडे आली की पंप खाली ठेवून निघायचं, चर्चा नाही. अंगणात राख आणि जळकी पानं पडायला लागली किंवा बांबू फुटल्याचे फटाफट आवाज घरात ऐकू आले तर खुणेचीही वाट बघू नका.

जायचं कुठे? लांब जायची गरज बहुधा नसते. उन्हाळवाहीनं उघडं पडलेलं मोठं वावर ही विदर्भातली सर्वांत हाताशी असलेली सुरक्षित जागा, कारण काळ्या मातीत जळायला काही नसतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे उन्हाळी धानाची ओली बांधी, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पात्र, नदीची रेती. स्लॅबची शाळा किंवा ग्रामपंचायत आडोशाला चांगली, फक्त शाळा मेमध्ये कुलपात असते आणि किल्ली गुरुजींबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. हे वाचणारे गुरुजी असाल तर सुटीला जाताना एक किल्ली पोलीस पाटलांकडे द्या.

दोन वाटा ठरवा. दोन्ही बाजूंना रायमुनिया (घाणेरी) आणि वाळलं गवत वाढलेली पांदण ही वाट नव्हे, ते जळतं बोळकांडं होतं. नाल्याच्या घळीतून जाऊ नका, आग तिथून धुराड्यासारखी वर ओढली जाते. टेकडी चढू नका. वाऱ्याला आडवं, आगीच्या बाजूनं सरकत निघा. वाऱ्याबरोबर पुढे पळाल तर आग मागे लागते. अंधार पडला असेल तर एकटं कुणी नको. आगीनं उठलेली रानडुकरं, अस्वलं, ताडोबाकडे वाघही, त्याच वाटांनी निघतात. घोळक्यानं, टॉर्च पेटवून, बोलत चला.

उन्हात चालताना माणूस आगीपेक्षा उष्माघातानं पडायची शक्यता कमी नसते. माणशी निदान दोन लिटर पाणी. सामान कमी करा, पाणी नको कमी करू.

दार ओढताना

शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, वेळ असेल तर सिलिंडर घराबाहेर मोकळ्या जागी उभा ठेवा. मेन स्विच पाडा. खिडक्या-दारं लावून घ्या पण कुलूप घालू नका. विझवायला येणाऱ्याला आत जाता आलं पाहिजे. दारातला पडदा, पायपुसणं, प्लास्टिकच्या खुर्च्या आत. मांडवाचे दोर कापा. कीटकनाशकाचे डबे आणि युरियाची पोती कुठे आहेत ते बाहेर थांबणाऱ्यांना सांगा. त्यांच्या धुरात कुणी उभं राहू नये. पोलीस पाटलांना किंवा शेजाऱ्याला कळवा की आम्ही इतके जण, अमक्या जागी चाललो. नाहीतर तुम्हाला शोधायला कुणी तरी परत आत शिरेल.

अडकलात तर

आग चहूबाजूंनी आली तर जळून गेलेली काळी जागा शोधा. तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. कमी ज्वाळांच्या ठिकाणातून तिथे जाता येत असेल तर जा, नाहीतर उघड्या जमिनीवर पालथे पडा, तोंड मातीकडे, अंगावर लोकरीचं घोंगडं किंवा सुती गोधडी. विहिरीत उतरू नका. कपड्याला आग लागली तर पळू नका, जमिनीवर लोळा.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल-हळद नको, शाई तर मुळीच नको. फोड फोडू नका. धूर जास्त घेतलेला माणूस बरा दिसला तरी त्याला दवाखान्यात दाखवा, त्रास काही तासांनी उमटतो.

परत आल्यावर

तुटलेल्या तारा लोंबकळत असतील तर १९१२ वर कळवून लाइन बंद करवा, तोवर अंगणातही पाय ठेवू नका. आसऱ्याला आलेला साप चुलीजवळ, माठाखाली, बाजेखाली सापडतो. काठीनं ठोकत आत जा.

काही जळालं असेल तर ते आवरण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. तलाठ्याला कळवून पंचनामा मागा आणि त्याची प्रत घ्या. जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी झालीच पाहिजे, नंतर कागद उभा राहत नाही.

सागाची खुंटं आणि मुळं जमिनीखाली दोन-तीन दिवस धुमसत राहतात. दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटतात. घराभोवतीची अशी खुंटं उकरून पाणी ओता, आणि हात जवळ नेऊन ऊब लागते का बघा. अर्धवट वाचलेल्या तणसीच्या ढिगाचंही तसंच. वरून विझलेला दिसतो, आत विस्तव असतो. तो फोडून, पसरून, भिजवून, दोन दिवस उघड्यावर ठेवल्याशिवाय त्यातलं एक पेंढकंही कोठ्यात नेऊ नका. तोवर जनावरांना चारा शेजारच्या घरून मागून आणा.